कोंबडा निवडताना आधी त्याच्या आईचं अंडं बघा

मुरबाड तालुक्यातल्या आमच्या घरी मी पहिल्यांदा हौसेने कोंबडा आणला, तेव्हा फक्त त्याची शेपूट बघितली होती. मानेवर तांबूस सोनेरी पिसं, छाती काळी, शेपटीची पातं हिरवट चमकणारी. ठाण्याहून शनिवारी यायचं आणि रविवारी रात्री परतायचं असं माझं चाललेलं असतं. कोंबड्यांचं रोजचं बघतात त्या वहिनी. त्यांनी डालं उचललं, कोंबडा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "भाऊजी, रंग बरा आहे. पण याची आई कसली अंडी घालायची, ते विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. पुढच्या वर्षी त्याच्या लेकी अंड्यावर आल्या. दिसायला एकेक राणी, पण अंडी फिक्कट आणि लिंबाएवढी. आमच्या जुन्या कोंबड्यांची तपकिरी अंडी शेजारपाजारचे नाव काढून मागायचे, ती एका कोंबड्यापायी दोन वर्षं मागे गेली.

कोंबडा अंडी घालत नाही, म्हणून अंड्याच्या बाबतीत त्याला कोणी मोजत नाही. लेकीच्या अंड्याचा रंग आणि आकार आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. फरक इतकाच की बापाकडचा भाग डोळ्यांना दिसत नाही, तो वहीत शोधावा लागतो. खाली जे लिहिलंय ते त्या वहीच्या आधाराने. पंचवीस-तीस गावठी कोंबड्या, एखादी कडकनाथ किंवा असील जातीची जोडी, आणि त्यांतून आपली एक वंशाची ओळ तयार करायची इच्छा, एवढं ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी.

काय हवं ते आधी एका ओळीत लिहा

"देखणी गावठी कोंबडी" हे उद्दिष्ट होत नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: "मध्यम अंगाची, तांबूस, गडद तपकिरी अंड्याची, खुडूक बसणारी." (खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसणारी.) चार गुण झाले, आणि खरं तर एक जास्तच झाला. प्रत्येक गुण वाढला की निवडीला उरणारे पक्षी निम्म्याने कमी होतात. वीस तलंगांपैकी (तरुण कोंबड्यांपैकी) अंगाने बऱ्या दहा, त्यांतल्या चांगल्या अंड्याच्या पाच, त्यांतल्या हव्या रंगाच्या दोन. म्हणून क्रम ठरवून घ्या. माझा क्रम असा: आधी तब्येत आणि बांधा, मग अंडं, आणि पिसं सगळ्यात शेवटी. पिसांचा रंग दोन-तीन पिढ्यांत हाताशी येतो. बिघडलेला बांधा सावरायला मात्र फार वर्षं जातात.

मूळ पक्षी एकाच घरातून घेऊ नका. शहापूर, मुरबाड, बदलापूरच्या पलीकडची गावं, जिथे वर्षानुवर्षं कोंबड्या घरच्याच रवणीवर (अंडी उबवून काढलेल्या पिल्लांवर) चालतात, अशा चार-पाच ठिकाणांहून दोन-दोन तलंगा आणि एकेक कोंबडा घ्या. सायकलवरून 'गावठी' म्हणून विकली जाणारी रंगवलेली पिल्लं घेऊ नका. ती बहुतेक हॅचरीतून टाकून दिलेली नर पिल्लं असतात. नवा पक्षी निदान तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवा, त्याचं भांडं वेगळं आणि तिथे जाताना घालायची आपली चप्पलसुद्धा वेगळी. मानमोडी (राणीखेत हा साथीचा रोग) कळपात शिरली की जातिवंतपणा वगैरे सगळं एका आठवड्यात आटोपतं.

बांधा हाताने बघायचा

पक्षी दिवसा पळवून पकडू नका. तिन्हीसांजेला बसल्या जागेवरून उचलला की गप्प राहतो. एक हात छातीखाली घाला. मधलं हाड सरळ लागलं पाहिजे. वाकडं लागलं तर तो पक्षी पैदाशीतून बाद, शेपूट कितीही डौलदार असो. मग अंड्यावरच्या कोंबडीच्या मागच्या बाजूला, जिथून अंडं बाहेर पडतं तिथली दोन टोकदार हाडं चाचपा. त्यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत, आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत तीन-चार बोटं. एकच बोट मावलं तर ती सध्या अंड्यावर नाही. पक्षी जमिनीवर ठेवून मागून बघा. दोन्ही पाय समांतर हवेत, गुडघे आत वळलेले नकोत.

वजन बाराव्या आणि विसाव्या आठवड्यात, स्प्रिंगच्या काट्यावर, पिशवीत घालून. हा आकडा वहीत गेलाच पाहिजे. अंगाचं वजन, अंड्याचं वजन आणि कवचाचा रंग हे गुण पुढच्या पिढीत बऱ्यापैकी उतरतात, म्हणून त्यांवर निवड केली की फळ दिसतं. वर्षाला अंडी किती आणि रवणीतून पिल्लं किती, हे रक्तापेक्षा खाद्यावर, हवेवर आणि सांभाळण्यावर जास्त ठरतं. तिथे एका कोंबडीचा आकडा बघून भुलू नका, सगळ्या बहिणींचा बघा.

असीलच्या बाबतीत थोडं थांबतो. जातिवंत असील कोंबडा चार ते पाच किलोचा, मादी तीन ते चार किलोची. ताठ उभा, लांब मान, कमी पण घट्ट पिसं, डोक्यावर बसका छोटा तुरा. पिला, याकूब, नुरी, कागर, टीकर ही त्यांच्या रंगांवरून पडलेली नावं. अंगाला भारदस्त, पण अंड्याला कंजूष. असील कोंबडा गावठी माद्यांवर सोडला की पिल्लांचं अंग भरतं आणि अंडी घटतात. दोन्ही गुण एकाच कोंबडीत भरायला जाल तर दोन्हीकडे अर्धवट मिळेल. शिवाय भारी कोंबडा हलक्या माद्यांची पाठ सोलून काढतो. त्याची आरी (पायामागची नखी) बोथट करा आणि आठवड्यातून दोन दिवस त्याला वेगळा ठेवा. झुंजीसाठी असील मागायला कोणी आलंच तर दारातूनच परत पाठवा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणं गुन्हा आहे, आणि तसंही तो आपला पैदाशीचा नर आहे.

पिसं: डोळ्यांना दिसतं आणि रक्तात असतं, ते वेगळं

पिल्लाचा रंग बघून निवड करू नका. अंगावरची मऊ लव जाते, मग कच्ची पिसं येतात, मग पक्की. पाच-सहा महिन्यांपर्यंत थांबा. आमच्याकडे लहानपणी मातकट दिसणारी एक तलंग पुढे कळपातली सगळ्यात लालबुंद कोंबडी निघाली.

काही रंगांचे नियम मात्र पक्के आहेत, आणि ते कळले की निम्मा गोंधळ मिटतो. पहिला नियम: रंगीत आईबापांना पांढरं पिल्लू होऊ शकतं. पांढऱ्याची एक जात दबलेली असते आणि दोन्हीकडून आली की वर येते. तेव्हा शेजाऱ्याच्या कोंबड्यावर लगेच आळ घेऊ नका. लेगहॉर्न या परदेशी जातीचा पांढरा याच्या उलट, तो बाकीच्या रंगांना झाकतो. गावात कधीतरी लेगहॉर्नचं रक्त आलं असेल तर पांढरी-ठिपक्यांची पिल्लं निघत राहतात ती त्यामुळे.

दुसरा नियम माझ्या आवडीचा. पट्टेदार आणि रुपेरी हे रंग लिंगाशी बांधलेले आहेत. कोंबडी आपला पट्टा लेकाला देते, लेकीला देऊच शकत नाही. म्हणून साधा काळा कोंबडा आणि पट्टेदार कोंबडी अशी जोडी लावली की पहिल्याच दिवशी काळ्या पिल्लांच्या डोक्याकडे बघा. ज्याच्या माथ्यावर पांढरा ठिपका, तो नर. ठिपका नसलेल्या माद्या. हीच जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडा पट्टेदार आणि कोंबडी काळी, तर ही सोय राहत नाही. सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी या जोडीतही नर पिल्लं फिकी, माद्या तांबूस.

उघड्या मानेची कोंबडी आपल्या हवेला फार चांगली. एका बाजूने गुण आला तर गळ्यापुढे पिसांचा एक झुपका राहतो, दोन्हीकडून आला तर मान जवळजवळ पूर्ण बोडकी. अंगावरची पिसं साधारण २० ते ४० टक्के कमी असतात, त्यामुळे एप्रिल-मेच्या घामट दुपारी बाकीच्या चोची वासून धापा टाकतात तेव्हा ही उकिरडा उकरत असते. लोक तिला कुरूप म्हणतात. म्हणोत.

उलट्या, म्हणजे बाहेर वळलेल्या पिसांच्या दोघांची जोडी लावू नका. पाव पिल्लांना गुण दोन्हीकडून येतो आणि त्यांची पिसं ठिसूळ होऊन गळतात, पावसाळ्यात ती कुडकुडून मरतात. उलट्या पिसांचा नर आणि साध्या पिसांची मादी लावली की निम्मी पिल्लं उलट्या पिसांची मिळतात, आणि तेवढी पुरतात.

आखूड पायांच्या कोंबड्यांनी मला एक वर्ष रडवलं. बुटका कोंबडा, बुटक्या कोंबड्या, अंगणात बदकासारख्या डुलत चालायच्या, पाहुणे फोटो काढायचे. रवणीत मात्र दर वेळी पाव अंडी बाद. सातव्या दिवशी टॉर्चवर धरली की पिल्लाच्या जागी रक्ताचं एक कडं. मी आधी इन्क्युबेटरला दोष दिला, मग विजेला, मग खाद्याला. खरं कारण जोडीतच होतं. आखूड पायांचा गुण आईबाप दोघांकडून आला की ते पिल्लू अंड्यातच मरतं, कोणतंही औषध चालत नाही. बुटक्या पक्ष्याला लांब पायांचा जोडीदार द्या. पिल्लं निम्मी बुटकी निघतील, पण अंडी फुकट जाणार नाहीत.

अंड्याचा रंग

एक तपकिरी अंडं फोडा, कवचाच्या आतलं पातळ कातडं अंगठ्याने सोलून काढा आणि आतून बघा. पांढरं दिसेल. तपकिरी रंग अंडं बाहेर पडायच्या आधी शेवटच्या काही तासांत वरून चढतो. निळ्या अंड्याचं कवच मात्र आरपार निळं असतं. या एका गोष्टीवरून पुढचं सगळं कळतं: निळ्या कवचावर तपकिरी थर चढला की अंडं ऑलिव्हसारखं हिरवट दिसतं. चहाच्या पाण्यात बुडवून 'गावठी' केलेली अंडी ओलं फडकं घासलं की कधी रंग सोडतात, कधी नाही, त्यामुळे त्या परीक्षेवर फार विसंबू नका.

तपकिरी रंग एका गुणाचा खेळ नाही, त्यात अनेक गुणांचा हात असतो. गडद अंड्याची आई आणि फिक्या घरातला बाप, तर लेकी मधल्या कुठल्यातरी छटेच्या. म्हणून कोंबडा निवडताना त्याच्या आईचं आणि जमलं तर बहिणींचं अंडं बघायचं. छटा मोजायला मी रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड आणलं आणि त्यातल्या सहा तपकिरी पट्ट्यांना १ ते ६ आकडे दिले. सकाळच्या उजेडात, कोरडं अंडं, दारात उभं राहून कार्डाशी लावायचं. ट्यूबलाइटखाली सगळी अंडी सारखीच दिसतात. हंगाम पुढे सरकतो तसा रंग फिका पडतो, भीती किंवा आजार असला तरी पडतो. त्यामुळे सगळ्या तलंगांची तुलना अंड्यावर आल्यावरच्या पहिल्या महिन्यातच करा. पहिली चार-पाच अंडी सोडून पुढची मोजायची.

पण कुठलं अंडं कुणाचं, हे कसं कळायचं? सापळ्याची घरटी बनवता येतात, पण दर तासाला जाऊन कोंबडी सोडायला घरात माणूस हवं. वहिनींची युक्ती सोपी. रात्री एकेका कोंबडीच्या अंडं घालायच्या जागी खाण्याच्या रंगाचं बोट लावायचं: एकीला लाल, दुसरीला हिरवा, तिसरीला निळा. सकाळी अंड्यावर त्या रंगाची रेघ येते. एका वेळी तीन कोंबड्या, तीन-चार दिवस, मग पुढच्या तीन. महिनाभरात सगळ्यांची नोंद होते.

निळ्या अंड्यांचं सध्या फार वेड आहे. हा गुण जोरकस आहे, एका बाजूने आला तरी दिसतो. परदेशी पुस्तकांत लिहितात की निळ्या अंड्याच्या जातींत तो गुण बसक्या तुऱ्याच्या जवळ बांधलेला असतो, म्हणून तुरा बघून नर निवडा. आपल्याकडे हे गळ्याशी येतं, कारण असीललाही तसाच तुरा असतो आणि त्याचा निळ्या अंड्याशी काडीचा संबंध नाही. खात्री करायची तर तो नर साध्या अंड्याच्या माद्यांवर सोडा आणि निदान सात लेकी वाढवा. सातही निळसर घालायला लागल्या तर नर पक्का. एकजरी साधं अंडं आलं तर गुण त्याच्यात एकाच बाजूचा आहे. एवढी वर्षभराची वाट बघायची तयारी नसेल तर 'निळ्या अंड्याचा कोंबडा' म्हणून हजारो रुपये मोजू नका.

आणि कडकनाथ काळी अंडी घालत नाही. मांस काळं, कातडी काळी, हाडंसुद्धा काळपट, पण अंडं फिकट तपकिरी ते दुधाळ. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याच्या नावावर काय काय विकलं जातं ते विचारू नका. कडकनाथ नर पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या गावठी मादीला लावला तर लेकी बहुतेक काळ्या कातडीच्या आणि लेक फिके निघतात. काळी लेक बघून कोणी तिला शुद्ध म्हणून विकत असेल तर भाऊ कुठे आहेत ते विचारा.

घरजावई पद्धत

एक कोंबडा आणि दहा कोंबड्या म्हणजे अकरा पक्षी दिसतात. रक्ताच्या हिशेबात मात्र ते जेमतेम साडेतीन पक्ष्यांएवढे असतात, कारण निम्मं रक्त त्या एकट्याकडून येतं. चार-पाच पिढ्यांत अंडी कमी उबतात, पिल्लं मरतुकडी होतात आणि लोक म्हणतात, "जात उतरली." तीन कोंबडे आणि चोवीस कोंबड्या ठेवल्या की हाच हिशेब साडेदहाच्या पुढे जातो.

त्यासाठी कळपाची तीन घरं करा: लाल, पिवळं, हिरवं. प्रत्येक घरात एक नर, सात-आठ माद्या, आणि पायात त्या रंगाचं कडं. लाल घरातल्या लेकी कायम लाल घरातच राहतील. लाल घरातला निवडक नर दर वर्षी पिवळ्या घरात जाईल, पिवळ्यातला हिरव्यात, हिरव्यातला लालमध्ये. माणसांत मुलगी सासरी जाते, इथे मुलगा घरजावई होतो. एवढं पाळलं तर भाऊ-बहीण आणि बाप-लेक अशा जोड्या आपोआप टळतात आणि बाहेरून नर आणायची वेळ फार वर्षं येत नाही.

नर बदलला की लगेच अंडी रवणीला ठेवू नका. कोंबडीच्या अंगात आधीच्या नराचं बीज दोन ते तीन आठवडे टिकतं. जुना नर काढल्यावर तीन-चार आठवड्यांनंतरचीच अंडी नव्या नराची धरा.

पिल्लांना घराची खूण पहिल्या दिवशीच करावी लागते, कारण कडं बारक्या पायात राहत नाही. पायांच्या बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक भोक पाडायचा पंच मिळतो. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे, त्यांतून सोळा वेगवेगळ्या खुणा होतात. तीन घरांना रग्गड.

रवण कधी, कशी

आपल्याकडे पावसाळ्यात पिल्लं काढणं म्हणजे रक्ती हगवणीला आमंत्रण. खालचं तूस (भाताची टरफलं) ओलं राहतं आणि पिल्लं त्यातच टोचत बसतात. मी नोव्हेंबर ते जानेवारी अंडी बसवतो. अंडी सात दिवसांच्या आतली, टोक खाली, न धुतलेली. थंडीत घरातला गारवा पुरतो. मार्चनंतर पंचाईत होते, कारण घरातच ३० अंशांच्या वर गेलं की अंड्यातला जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मग मरतो. तेव्हा ओल्या वाळूत मडकं बसवून त्यात कोरड्या फडक्यावर अंडी ठेवा, आणि तरीही चार दिवसांपेक्षा जास्त थांबू नका.

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी. इन्क्युबेटर पंख्याचा असेल तर ३७.५ अंश, अठराव्या दिवसापर्यंत दमटपणा ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. दिवसातून तीन-पाच वेळा अंडी फिरवायची, अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी.

लसींना सुट्टी नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी. तारखा आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पक्क्या करा. लस ठाण्याहून नेत असाल तर थर्मासमध्ये बर्फ भरून न्या आणि कालवल्यावर दोन तासांत संपवा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला आणि आजूबाजूचे हजारो पक्षी मारावे लागले. त्यानंतर आम्ही हिरवं घर नात्यातल्या दुसऱ्या गावी हलवलं. तीनही घरं एकाच अंगणात असतील तर वही शिल्लक राहील, कोंबड्या राहणार नाहीत.

उरलेल्या कोंबड्यांचं काय

निम्मी पिल्लं नर निघणार आणि तुम्हाला लागणार तीन. फार तर सहा, कारण प्रत्येक घराला एक राखीव हवा. डिसेंबर-जानेवारीची पिल्लं आषाढात सहा-सात महिन्यांची होतात. पक्की पिसं आलेली असतात, विसाव्या आठवड्याचं वजन वहीत असतं, आणि त्यांच्या आयांची अंडी गेल्या वर्षीच मोजलेली असतात. निवड तेव्हाच उरकायची, कारण गटारीला गावठी कोंबड्याला वर्षातला सगळ्यात चांगला भाव मिळतो. श्रावण लागला की महिनाभर कोणी विचारत नाही.

फक्त एक काळजी घ्या. गिऱ्हाईक अंगणात उभं राहून बोट दाखवतं ते नेमकं सगळ्यात भरलेल्या, सगळ्यात चमकणाऱ्या नराकडे, आणि भावही तसाच बोलतं. गेल्या वर्षी कल्याणहून आलेल्या एकाने आमच्या पिवळ्या घराच्या घरजावयासाठी दुप्पट पैसे काढून हातात ठेवले, आणि मी जवळजवळ हो म्हटलं होतं. आता गटारीच्या आदल्या दिवशी ते सहा कोंबडे वहिनी मागच्या पडवीत डाल्याखाली झाकून ठेवतात आणि गिऱ्हाईकाला सांगतात, "जे अंगणात आहेत, तेवढेच."